माय फडात, लेकरं शाळेत

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांत कित्येक घरांना कुलपं लागलेली असतील. सावरगाव घाटचा दसरा मेळावा आटोपला, की गावागावांत ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या उभ्या राहतात. पत्र्याची पेटी, बाजरीची पोती, तवा, घागरी, कोपीसाठी म्हणजे तळावरच्या झोपडीसाठी ताडपत्री, कोंबड्यांचं डालगं, एखादी शेळी असं सगळं चढतं आणि उरलेल्या जागेत माणसं बसतात. त्यांची दिवाळी वाटेत तरी होते, नाहीतर सांगली-कोल्हापूरकडच्या, कधी थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्याच्या तळावर. गावात मागे राहतात म्हातारी माणसं, मास्तर आणि काही लेकरं.

संपादकांनी यंदा ‘सांभाळ’ हा विषय दिला. त्यांच्या मनात अनाथांची एखादी आई होती, हे मला बोलण्यावरून कळत होतं. दिवाळी अंकांना असं चरित्र चालतं. दुःखातून उठलेली बाई, तिच्या पदराखाली पन्नास मुलं, शेवटी पुरस्कार. बीडला अशा माणसांची वाण नाही, आणि त्यांच्याबद्दल लिहायचंच आहे. पण इथं आल्यावर पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली. ज्या लेकरांना दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं असतं, त्यांतल्या बहुतेकांची आई जिवंत आहे. ती तीन-चारशे किलोमीटरवर उसाच्या फडात आहे आणि एप्रिलमध्ये परत येणार आहे. तिच्या जागी उभं राहायचं आणि तरी तिची जागा घ्यायची नाही, असं हे विचित्र काम आहे.

एक कोयता, दोन माणसं

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. मजूर पुरवणारा मुकादम पावसाळ्यातच जोडीच्या हातावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठेवतो. पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही. ती रक्कम लग्नात, दवाखान्यात, बी-बियाण्यात कधीच जिरलेली असते, ट्रॉली गावातून हलते तेव्हा खिसा रिकामा असतो. मग हंगामभर टनाटनानं फेड. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला ३६६ रुपयांवर गेला. जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडते. आजारपणामुळे एक दिवस फडात गेलं नाही तर त्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याला मजुरी तर बुडतेच, वर दंड लागतो.

हा खाडा समजून घेतल्याशिवाय इथलं आईपण समजत नाही. लेकराला ताप आला म्हणून आईनं दिवसभर उशाशी बसायचं, तर त्याची किंमत ठरलेली आहे. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. तेव्हाच्या सर्वेक्षणात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्या आकड्यामागची कारणं अनेक आहेत, पण पाळीच्या, दुखण्याच्या दिवसांचा खाडा हे त्यातलं एक कारण बायका स्वतःच सांगत होत्या.

बालाघाटच्या रांगांवरची जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. लोक आधीही तोडीला जातच होते, पण १९७२ च्या दुष्काळानंतर ते गावच्या गाव जाऊ लागले. आता तिसरी पिढी जाते आहे.

तळावर लेकरांना काम नसतं असं नाही. धाकट्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची पोर लागते. ती पाणी भरते, भाकरी थापायला शिकते, दुपारी वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधते. ट्रक रात्री दोनला आला तर आईबाप मोळ्या वाहायला उठतात आणि ही कोपीत बाळाजवळ जागी राहते. कारखान्यांच्या तळांवर साखर शाळा निघाल्या. तेव्हाच्या औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेनं त्या चिकाटीनं चालवून दाखवल्या. पण नोव्हेंबरात बीडची शाळा सोडायची, एका तळावर बसायचं, ऊस संपला की टोळीबरोबर दुसऱ्या तळावर, आणि एप्रिलात परत आपल्या वर्गात, अशा शिक्षणात अक्षर मुरत नाही. कर्नाटकात गेलेल्या मुलाला तर फळ्यावरची लिपीच परकी. स्थलांतरित मुलाला कुठल्याही शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. कागदावर सोय चोख आहे. ते पत्रक पेटीत कपड्यांखाली जातं आणि तसंच परत येतं.

म्हणून दुसरा मार्ग निघाला, लेकरू गावातच ठेवायचं.

संध्याकाळची हजेरी

शिरूर कासार तालुक्यातलं एक गाव. नाव देत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या इथल्या शिक्षिका बाईंना ते नको आहे. जिल्हा परिषदेची शाळा, चार खोल्या, एक व्हरांडा, आवारात कडुनिंब. हंगामी वसतिगृह इथंच चालतं. वसतिगृह म्हटल्यावर पलंग, कपाटं डोळ्यांपुढे येतात, तसलं इथं काही नाही. समग्र शिक्षा अभियानातून शाळा व्यवस्थापन समितीला सहा महिन्यांपुरता पैसा मिळतो. त्यातून दोन वेळचं जेवण, साबण, तेल, गावातल्याच एका बाईला स्वयंपाकाचं मानधन. दुपारचं जेवण शाळेच्या पोषण आहारातून. रात्री झोपायला मुलं आजी-आजोबांकडे नाहीतर चुलत्याकडे जातात. ज्यांचं तसंही कुणी नाही, ती स्वयंपाकवाल्या मावशींच्या घरी.

बाई चाळिशीच्या, मूळच्या लातूरकडच्या. सकाळी शाळा भरते त्या हजेरीपेक्षा संध्याकाळी सातची हजेरी महत्त्वाची, असं त्यांचं म्हणणं. सकाळी गैरहजर राहिलेला मुलगा गावातच कुठेतरी असतो. संध्याकाळी ताटावर आला नाही तर तो एखाद्या ट्रॅक्टरवर बसून आईकडे निघालेला असू शकतो. तसं एकदा झालंही होतं. तिसरीतला पोरगा माजलगावपर्यंत पोचला होता.

त्या संध्याकाळी पिठलं-भाकरी होती. पंगत व्हरांड्यात. बाई वाढत नव्हत्या, ते काम मावशींचं. त्या ओळीमागून चालत एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत होत्या. मला आधी ती माया वाटली. मायाही असेल, पण त्या उवा आणि ताप दोन्ही तपासत होत्या. कपाळ गरम लागलेल्या एका मुलीला त्यांनी उठवून दिव्याखाली नेलं, जीभ बघितली, आणि पिशवीतून गोळीची पट्टी काढून अर्धी गोळी दिली. वहीत तारीख, नाव, अर्धी गोळी. ती वही पाहण्यासारखी आहे. कोणाला चष्मा लागतो, कोणाची आजी ऐकू येत नसल्यामुळे दार उघडत नाही, कोण रात्री अंथरूण ओलं करतं, कोणाच्या बापाचा नंबर बदलला. सरकारी रजिस्टरात यातल्या एकाही गोष्टीला रकाना नाही.

साडेआठनंतर फोनची वेळ. फडात दिवसा फोन उचलत नाहीत, आणि मजूर गाडी भरायला उठण्याआधी थोडा डोळा लावतात, त्यामुळे हा अर्धा तासच हातात. बाईंचा फोन मधे ठेवलेला, स्पीकर चालू, मुलं रांगेत. पलीकडून कुत्र्याचं भुंकणं, ट्रॅक्टरचा आवाज. प्रत्येक आई पहिला प्रश्न तोच विचारत होती, जेवलास का. आणि मुलं दुसऱ्याच गोष्टी सांगत होती. शेळी व्यायली, गुरुजींनी गाडी घेतली, दादानं मारलं. दुसरीतल्या एका मुलीनं फोन हातात घेतला आणि एक शब्द बोलली नाही. पलीकडची आई बोलत राहिली. मग बाईच म्हणाल्या, “ऐकतीय माय तुमची लेक. आज पाढा म्हणाली चारचा. म्हण गं.” मुलीनं फोनमध्ये चारचा पाढा म्हटला, अडखळत, चार दाहे चाळीसपर्यंत, आणि फोन पुढच्याला दिला.

एक आजी नातवाला न्यायला आली होती. ती व्हरांड्याच्या कडेला बसून मला म्हणाली, “लेकरू ठिवलं तर माईचा जीव टांगणीला, नेलं तर शाळा गेली. ठिवायचं ठरवायलाच दोन वर्सं गेली आमची.” हे ठरवायला लावणं हे शिक्षकांचं खरं काम. सप्टेंबरपासून घरोघर फिरायचं. आईचा आक्षेप शाळेला नसतो. तिला विचारायचं असतं की रात्री पोरीजवळ कोण झोपणार. यावर बाईंकडे नाव असावं लागतं, योजना सांगून भागत नाही. राज्यानं अशा शिक्षकांना बालरक्षक म्हणायला सुरुवात केली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पदवी चांगली आहे. या गावात मात्र अनुदान हंगाम अर्धा सरल्यावर येतं आणि तोवर किराणा दुकानातली उधारी बाईंच्या नावावर असते.

अंबाजोगाईच्या शैलाताई

शिरूरहून अंबाजोगाईला यायला अर्धा दिवस जातो, आणि जिल्हा बदलल्यासारखं वाटतं. योगेश्वरीचं देऊळ, मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांचा वारसा, रस्त्यावर महाविद्यालयांच्या पाट्या. निजामाच्या राजवटीत गावाचं नाव मोमिनाबाद होतं, आणि हैदराबादच्या लढ्याचे नेते होण्याआधी स्वामी रामानंद तीर्थ इथल्या शाळेत मुख्याध्यापक होते. शिकवण्याला मान असलेलं हे गाव आहे. प्रा. शैला लोहिया इथं मराठी शिकवत.

जन्म १९४० चा, धुळ्याचा. घडण राष्ट्र सेवा दलाची. लग्न केलं ते डॉ. द्वारकादास लोहियांशी. ते समाजवादी, व्यवसायानं वैद्य, साऱ्या परिसराचे बाबूजी. आणीबाणीत बाबूजी तुरुंगात गेले तेव्हा नोकरी, घर, मुलं आणि येणारे-जाणारे कार्यकर्ते असं सगळं शैलाताईंवर आलं. १९८२ मध्ये ‘मानवलोक’ उभी राहिली, मराठवाडा नवनिर्माण लोकायत. पाणी, जमीन, दुष्काळ यांवरचं तिचं काम महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच अंगणात शैलाताईंनी बायकांसाठी ‘मनस्विनी’ प्रकल्प रुजवला. शिकवणं, कथा-ललित लिहिणं चालू ठेवून.

कॉलेजातल्या प्राध्यापकाला विद्यार्थिनी तीन-चार वर्षं दिसते. गाव लहान असलं, की ती पुढेही दिसत राहते. कालपर्यंत पहिल्या बाकावर बसून कवितेचा अर्थ सांगणारी मुलगी दोन वर्षांनी कडेवर मूल घेऊन दारात उभी राहते आणि म्हणते, त्यांनी घरातून काढलं. शैलाताईंच्या कामाचं मूळ मला या दोन दृश्यांच्या मधे दिसतं. वर्गात शिकवलेलं दारात उपयोगी पडत नसेल तर शिक्षकानं काय करायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि त्यांनी तो पुस्तकी राहू दिला नाही.

टाकलेल्या बाईची त्या काळातली स्थिती आज सांगितली तर खोटी वाटेल. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येत असे, पण तिच्यावर महिन्याला ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, आणि ती उठली २००१ मध्ये. म्हणजे खटला जिंकलेल्या बाईलाही जास्तीत जास्त पाचशे. तेही नवऱ्यानं दिले तर. माहेरी भावाची सत्ता, जमीन नवऱ्याच्या नावावर. अशा बाईसमोर दोनच वाटा असत. मूल सासरी टाकायचं आणि आपण मोकळं व्हायचं, किंवा मूल आश्रमात ठेवायचं आणि आपण मजुरीला जायचं. दोन्हींत मूल आणि आई वेगळी होतात. मनस्विनीनं आसरा दिला तो बाईला तिच्या लेकरासकट. त्यासोबत कायद्याचा सल्ला, हाताला काम, आणि गावात बायकांची मंडळं, म्हणजे परत गेल्यावर ती एकटी पडू नये.

अनाथाश्रम काढण्यापेक्षा हे काम अवघड, आणि त्याचा फोटो चांगला येत नाही. शंभर लेकरांच्या मधे उभी असलेली एक आई छापायला सोपी. शंभर आया आपापल्या लेकरांसह शंभर ठिकाणी राहिल्या, तर त्याचा फोटो काढायचा कुठे? शैलाताई २०१३ मध्ये गेल्या, बाबूजी २०१८ मध्ये. त्यांच्यानंतरही संस्था चालू आहे. पण बीडमध्ये सांभाळावर काही लिहायचं, तर मला त्यांचा हा आग्रह सगळ्यात मोलाचा वाटतो. लेकराला दुसरी आई शोधण्याआधी पहिलीला उभं राहता येतं का ते बघा.

ज्यांना खरोखर कुणी नाही

हा आग्रह सगळीकडे चालत नाही, हेही बीडमध्येच कळतं. बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना बिंदुसरा धरणाजवळ पाली लागतं. तिथं दत्ता आणि संध्या बारगजे यांची ‘इन्फंट इंडिया’ आहे, एचआयव्हीबाधित मुलांसाठी. आईबाप त्याच आजारानं गेलेले, नातेवाइकांनी ताट वेगळं केलेलं, अशा मुलांना पहिल्या आईकडे परत पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. इथं सांभाळणं म्हणजे ठरल्या वेळेला गोळी. एचआयव्हीला रोखणारी ही एआरटीची गोळी चुकवायची नसते, आणि ती आयुष्यभर घ्यायची असते. सोळा वर्षांच्या मुलाला रोज त्याच वेळी तीच गोळी घ्यायला लावणं ही कुठल्याही आईची परीक्षा असते.

गेवराईला संतोष गर्जे यांचं ‘सहारा’ आहे. ते स्वतः ऊसतोड मजुराच्या घरातले, आणि बहिणीच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या भाचीपासून त्यांचं काम सुरू झालं. पुढे प्रीती त्यांच्या सोबतीला आल्या. शिरूर कासारच्या आर्वीत दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं ‘शांतिवन’ आहे. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या शिबिरातून परतलेला तरुण, गावची जमीन, ऊसतोड्यांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं. या तिन्ही नावांत एक सारखेपणा आहे. संस्थेची ओळख सांगताना आपण आधी पुरुषाचं नाव घेतो. मीही आत्ता तिन्ही वेळा तेच केलं. व्याख्यानाला, देणगीला, सरकारी कचेरीत तो जातो, म्हणून त्याचं नाव पुढे. रात्री उलटी झालेल्या मुलाची चादर बदलणारी बाई सत्काराच्या दिवशी दुसऱ्या खुर्चीवर असते.

कायद्याची गंमत वेगळीच. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं बालगृह, बालकल्याण समिती, मुलाच्या प्रवेशाचा आदेश अशी सगळी चौकट आखली आहे. ती हवीच. मुलं पळवण्याच्या, विकण्याच्या बातम्या वाचल्या, की तिची गरज पटते. २०१८ पासून राज्यात अनाथांना एक टक्का आरक्षणही आहे. पण तोडीला गेलेल्या बाईचं लेकरू या चौकटीत कुठं बसवायचं? ते अनाथ नाही, टाकलेलं नाही, हरवलेलंही नाही. सहा महिने त्याला घर नाही, इतकंच. त्याच्यासाठी पैसा उभा करायचा तर बहुतेक संस्थांना लोकवर्गणीकडेच जावं लागतं, आणि वर्गणी मागताना ‘अनाथ’ या शब्दाला जास्त पैसे मिळतात. मग पत्रकावर तो शब्द छापला जातो. आपली आई फडात कोयता चालवते आहे हे ठाऊक असलेलं पोर त्या पत्रकावरच्या फोटोत उभं असतं.

या बाबतीत सरकारची एक योजना मला शहाणी वाटते, तिचा गाजावाजा कमी आहे. बालसंगोपन योजना. एक पालक गेलेला, किंवा दोघेही असून सांभाळू शकत नाहीत अशा मुलाला संस्थेत न घालता आजीकडे, मावशीकडे, कुटुंबातच ठेवायचं आणि त्या कुटुंबाला महिन्याला मदत द्यायची. सध्या ती २,२५० रुपये आहे. योजनेला नाव सावित्रीबाई फुल्यांचं, आणि ते शोभतं. सावित्रीबाई-जोतीरावांनी १८६३ मध्ये आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेऊन डॉक्टर केला, आणि १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालवला. पहिली शिक्षिका म्हणून आपण त्यांना फळ्यासमोर उभं करतो. त्यांचं अर्धं आयुष्य चुलीसमोर आणि पाळण्याजवळ गेलं, त्याची चित्रं कमी निघतात. योजनेचे पैसे मिळवायला आजीला दाखले, बँकेचं खातं, आधार, गृहभेटीचा अहवाल एवढं पार करावं लागतं. ते करून देणारं माणूस गावात असलं तर पैसे येतात.

आठवीतली मुलगी

मुलगा आठवीत गेला तर प्रश्न अभ्यासाचा असतो. मुलगी आठवीत गेली, की बोलण्याचा सूर बदलतो. मागे ठेवावी तर म्हातारीच्या भरवशावर वयात आलेली पोर. सोबत न्यावी तर तळावर उघड्यावरची अंघोळ. तिसरा उपाय सोपा वाटतो, लग्न लावून द्यायचं. वर जोडी झाली की पूर्ण कोयता, पूर्ण उचल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा तेव्हा याच्या निम्मा होता.

मुलींच्या निवासाची सोय म्हणूनच इथं लग्न थांबवण्याचं हत्यार ठरते. पोलीस बोलावून एक लग्न थांबतं आणि महिन्याभरानं दुसऱ्या गावात लागतं. खोली, कुलूप, रात्री सोबतीला बाई आणि दहावीपर्यंतचा शब्द, एवढं दिलं तर बाप ऐकतो, असं शिरूरच्या बाई सांगत होत्या. राज्यानं २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आणली. ४१ तालुके, ८२ वसतिगृहं, मुलांना आणि मुलींना निम्मी निम्मी. काही भाड्याच्या इमारतींत सुरू झाली. बाईंच्या वहीच्या शेवटच्या पानावर आठवी ते दहावीच्या मुलींची वेगळी यादी आहे, आणि तिच्यात दोन नावांपुढे पेन्सिलीनं खूण आहे. त्यांच्याकडे पाहुणे येऊन गेलेत.

एप्रिलात पट्टा पडतो. म्हणजे कारखाना बंद होतो, टोळ्या परततात. आईबाप येतात ते वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, आणि पहिले दोन दिवस धाकटी मुलं आईजवळ जात नाहीत, मावशींच्या लुगड्याआड लपतात. बाई त्या दिवसांत मुद्दाम शाळेच्या कामात असल्यासारखं दाखवतात आणि मुलांशी कमी बोलतात. मावशींनाही तसं सांगून ठेवलेलं असतं.

मग जून-जुलैत पुढच्या हंगामाची तयारी. कोण जाणार याची यादी शाळेला लागते, आणि घरी विचारलं तर कुणी आधी धड सांगत नाही, कारण यंदा जायचं नाही असं प्रत्येकानं ठरवलेलं असतं. बाईंनी त्यावर आपला मार्ग काढला आहे. उचल वाटायला सुरुवात झाली, की त्या मुकादमाच्या ओट्यावर जाऊन बसतात. त्याच्या चोपडीत जोडीजोडीनं नावं असतात, घेतलेल्या रकमेसकट. बाई ती नावं उतरवून घेतात आणि पुढे आपल्या आठवणीतून लेकरांची नावं भरतात. मुकादम चहा सांगतो. यंदा त्यानं स्वतःच्या पुतणीचं नाव आधी लिहायला लावलं.